दसऱ्याला बंद केलेली पेटी

माझं शिक्षण चौथी. आमच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत मी आधी बर्फ फोडला, मग झाडू मारला, मग शिपाई झाले आणि शेवटची नऊ वर्षं कोल्ड स्टोरेजची फायरवॉल सांभाळली. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. दिवाळी अंकाच्या संपादक बाई कामाबद्दल लिहा म्हणाल्या तेव्हा मीही हसले होते. बर्फाबद्दल लिहू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, बर्फ सगळ्यांना ठाऊक आहे, त्या पेटीबद्दल लिहा.

पेटी म्हणजे ती फायरवॉल, काही मोठं नव्हे. मिठाईच्या खोक्याएवढा काळा डबा, पुढे सहा बारीक दिवे, मागे वायरी. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ती असायची आणि कपाटाची चावी माझ्या कमरेला.

ती कशाला लागते ते सांगते. आमची मासळी नवी मुंबईची एक कंपनी घेते आणि परदेशात पाठवते. कंपनीची अट अशी की गोठवलेला माल उणे अठरावर राहिला पाहिजे. उणे पंधराच्या वर गेला की तो परदेशात चालत नाही, कुटीला जातो. कुटी म्हणजे मासळी दळून कोंबड्यांचं खाद्य. उण्याचा आकडा लहान झाला की थंडी कमी झाली, हे डोक्यात बसायला मला महिना लागला होता.

थंडी करणारा कॉम्प्रेसर अमोनियावर चालतो. एकदा वीज आल्यावर आमच्याच माणसाने घाईत तो चालू केला आणि वायू सुटला. सगळा कोळीवाडा डोळे चोळत, खोकत समुद्राकडे पळाला. तेव्हापासून हाताने चालू करायचं बटण कंपनीने सील केलं. आता कॉम्प्रेसर एकदा बंद झाला की कंपनीचा माणूस तिकडे बसून पडद्यावर दाब बघतो आणि तिकडूनच हुकूम देतो. तो हुकूम येतो या पेटीतून. पेटी गप्प बसली तर कॉम्प्रेसरही गप्प.

हुकूम उघड्या इंटरनेटवरून पाठवून चालत नाही. आमच्या बोटींवर वायरलेस असतो. त्यावर बोललेलं आजूबाजूच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं. मासळी कुठे लागली ते सरळ सांगितलं तर तासाभरात तिथे चाळीस बोटी जमतात. म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, निघण्याआधीच दुसऱ्या बोटीवरच्या भावाशी शब्द ठरवून घेतो. कुठल्या जागेला काय म्हणायचं, कुठल्या मासळीला काय म्हणायचं. मग खुशाल सगळ्यांदेखत बोलावं. कंपनीवाले ज्याला व्हीपीएन म्हणतात ते हेच. दोन टोकांना दोन पेट्या, आणि दोघींनी आधी ठरवलेली बोली. शब्द कुठले, ते किती तासांनी बदलायचे, समोरचा खरा कोण हे कसं ओळखायचं, आपल्याकडच्या कुणाला बोलू द्यायचं. यातली एक गोष्ट जरी एका टोकाला वेगळी झाली तरी दोन्ही पेट्या दिवसभर बडबडतात आणि एकीला दुसरीचं काही कळत नाही.

ही सेटिंग करायचे ते कंपनीचे तांबे साहेब. पेटी बसवायला ते एकदा आले, पुढे सगळं फोनवर. मोठा बदल करायचा तर त्यांना पेटीपाशी कुणीतरी लागायचं, कारण लांबून बदल करताना चूक झाली तर त्यांचाच रस्ता बंद होतो आणि मग आत शिरायला दार उरत नाही. आमचे क्लार्क वर्षाला बदलायचे. कायम हजर अशी मी एकटी. म्हणून ते बोलायचे आणि मी लॅपटॉपला निळी वायर जोडून लिहायची.

मला इंग्रजी येत नाही. इंग्रजी अक्षरं येतात. त्यात मोठा फरक आहे आणि त्याचा फायदाही आहे. अर्थ कळणारा माणूस स्वतःचं डोकं चालवून दुसरंच काही लिहून बसतो. मी सांगितलं तेवढंच लिहायची. फोनवर बी, डी, पी, टी सगळं एकसारखंच ऐकू यायचं. म्हणून आम्ही मासे ठरवले. बी बोंबलाचा, डी ढोम्याचा, पी पापलेटचा, टी तारलीचा. तांबे साहेब म्हसळ्याकडचे, त्यांना मासे कळायचे.

प्रत्येक कामाच्या शेवटी ते म्हणायचे, “हिराबाई, आता शेवटची ओळ.” मग मी एक छोटा शब्द लिहून एंटर मारायची. तो कशाला, असं एकदा विचारलं. ते म्हणाले, पेटीला दोन आठवणी आहेत. आपण लिहितो ते आधी पाटीवर लिहिलं जातं. पेटी चालू आहे तोवर त्यावर काम चालतं. पण पेटी बंद केली की पाटी पुसली जाते. हा शब्द लिहिला की पाटीवरचं दगडावर कोरलं जातं. मला हे चांगलं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं.

मी भित्री बाई नाही, हे इथे सांगायला हवं. काशीदला फिरायला आलेला एक मुंबईचा माणूस मोठी गाडी दारात लावून आत आला होता. म्हणाला, हॉटेलात नेट नाही, दहा मिनिटं मीटिंग आहे, पासवर्ड सांगा. मी म्हटलं, मिळणार नाही. तो म्हणाला, मी कोण आहे माहीत आहे का? मी म्हटलं, गाडी रस्त्यात लावणारा माणूस आहात, ट्रक येतोय, काढा. बाजारात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याच्या टोपलीतून मी वजन झालेलं पापलेट परत उचललं आहे.

तर आषाढात बोटी किनाऱ्यावर होत्या. रस्ता रुंद करताना जेसीबीने नेटची तार तोडली. कधी जोडतील कुणी सांगेना. तांबे साहेबांनी पेटीत सिम घालायला लावलं आणि मोबाइलच्या नेटवर आणलं. पण तारेवर आमचा पत्ता कायमचा होता. सिमवर तो रोज बदलणार. म्हणून नवी मुंबईच्या पेटीने आम्हाला पत्त्यावरून न ओळखता नावावरून ओळखायचं, अशी सगळी बोली नव्याने ठरवावी लागली. त्याच आठवड्यात कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा पॅनेल नवा आला होता, त्याचा नंबरही पेटीत बदलायचा होता. दीड तास फोन चालला. दिवा हिरवा झाला. तेवढ्यात साहेबांचा दुसरा फोन वाजला. “झालं हिराबाई, चालू झालं. ठेवतो,” म्हणाले आणि ठेवला.

शेवटची ओळ राहिली होती.

मला ते त्याच क्षणी कळलं. बोटं लॅपटॉपवरच होती. परत फोन लावावा असं मनात आलं. मग वाटलं, साहेब आहेत, विसरतील कसे. नव्या पद्धतीत लागत नसेल. आपण चौथी पास, त्यांना काय शिकवणार. न विचारता लिहायची हिंमत तर नव्हतीच. मी लॅपटॉप मिटला आणि कपाटाला कुलूप लावलं.

पुढे तीन महिने काही झालं नाही. पेटीला बॅटरी होती, वीज गेली तरी ती चालू राहायची. मीही विसरले, असं लिहायचं होतं, पण ते खोटं होईल. चावी लावताना रोज एकदा आठवायचं.

दसऱ्याला आमच्याकडे सगळी यंत्रं थांबवून पुसतात आणि पूजतात. बोटीचं इंजिन, बर्फाची मशीन, वजनकाटा, कॉम्प्रेसर. चालतं यंत्र पूजत नाहीत. कॉम्प्रेसर अर्धा तास थांबायचा, हे कंपनीलाही ठाऊक होतं. त्या वर्षी पूजेला बायका जास्त आल्या होत्या, कारण आत त्यांचा माल होता. वाड्यातल्या बावीस जणींनी गट करून पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने माल गोठवला होता. मधे व्यापारी नाही. हा माल पास झाला तर कंपनी पुढेही त्यांच्याकडून घेणार होती. नापास झाला तर परत व्यापाऱ्याच्या दारात. दोन दिवसांनी गाडी येणार होती.

गटाची प्रमुख माझी थोरली जाऊ बायजा. तिची अकरा खोकी कोलंबी सगळ्यात शेवटी आली, म्हणून दाराजवळच्या फळीवर होती. पूजेचं ताट घेऊन ती ऑफिसात आली आणि कपाटाकडे बघून म्हणाली, “हिरा, ही पेटी गं? ही मशीन न्हाय का? हिला दर साली उपाशी ठेवतेस.”

“तिला बंद करायचं नसतं, वयनी.”

“का? ती देवाहून मोठी हाय?”

बायका हसल्या. मला सांगता आलं असतं की पेटी बंद केली तर आषाढापासूनचं पुसलं जाईल. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. आणि एक मन म्हणत होतं, होऊन जाऊ दे, काही होत नाही हे तरी कळेल. मी वायर काढली, बॅटरीही काढली. पेटी पुसली. बायजाने हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग कोल्ड स्टोरेजचं दार उघडून आतही ताट ओवाळलं. दार बराच वेळ उघडं राहिलं.

वायर परत लावली. पाच दिवे लागले. सहावा, बोलीचा, पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. दहा मिनिटं थांबले. दाराजवळच्या थंडीच्या काट्यावरचा आकडा बघितला. उणे अठरा.

तांबे साहेबांना फोन लावला. ते सणाला गावी गेले होते. म्हसळ्याच्या पुढे डोंगरात रेंज नाही. चार वेळा लावला, चारही वेळा तीच रेकॉर्ड केलेली बाई बोलली. मग कंपनीत लावला. तिथे सणाच्या दिवशी एकच पोर हजर होती, स्नेहल नावाची, नोकरीला नवी.

“आजी, तिथे कुणी मोठं माणूस आहे का?”

“मी साठीला आलेय. अजून किती मोठं हवं?”

ती मग म्हणाली, “तुमची पेटी मला इथून दिसतच नाहीये. लॅपटॉप जोडता येईल कुणाला?”

“जोडलाय. पासवर्ड सांगा.”

पहिला अर्धा तास वाया गेला. तिच्याकडचे कागद आषाढाच्या आधीचे होते. त्यात आणि पेटीत एकच लिहिलेलं, म्हणून तिला चूक सापडेना. पेटी बिचारी त्या तुटलेल्या तारेवर नेट शोधत बसली होती. उणे सतरा.

मी म्हटलं, “मॅडम, ही जुनी सेटिंग आहे. आषाढात आम्ही सिमवर आलो. नावाने ओळखायची बोली केली होती.”

“मग ती गेली कुठे?”

“पेटी बंद केली होती आज.”

“हो, पण सेव्ह केलेलं जात नाही, आजी.”

“पुढचं सांगा,” मी म्हटलं.

तिने तिच्या बाजूची पेटी उघडली आणि जे तिकडे आहे तेच इकडे लिहायचं ठरवलं. माझा फोन बटणांचा, त्यामुळे लिहून पाठवायची सोय नाही. एकेक अक्षर ती सांगणार आणि मी लिहिणार.

“डी,” ती म्हणाली.

“ढोम्याचा का पापलेटचा?”

“काय?”

“मॅडम, मासे खाता का?”

“नाही.”

“मग आज जड जाणार.”

कागद घेऊन मी तिला बारा मासे लिहून घ्यायला लावले. त्यात पाच मिनिटं गेली, पण नंतर चूक झाली नाही. आधी सिमचं नेट, ते लागलं. मग आमचं नाव. मग शब्द कोणत्या पद्धतीने गुंतवायचे ते. मग किती तासांनी बदलायचे ते. गुप्त शब्द तिलाही दिसत नव्हता, पडद्यावर नुसत्या चांदण्या. तिने दोन्हीकडे नवा घालायचा ठरवला. सोळा अक्षरं. एकदा मोठ्या एसच्या जागी लहान गेला. परत सगळा.

बाहेर बायका जमल्या होत्या. दर पाच मिनिटांनी कुणीतरी आकडा ओरडून सांगायची. “उणे सोळा.” बायजा आत आली.

“सील तोड.”

“न्हाय.”

“मी तोडते. तू तिकडं बघ.”

“वयनी, मागल्या टायमाला तू पोरं उचलून समुद्रात पळालीस. दाब कुणी बघितलाय?”

“माझी कोलंबी दाराशी हाय, हिरा.”

“ठाऊक हाय.”

“मग लवकर लिव.”

ती माझ्या पाठीशी उभी राहिली. त्यापेक्षा तिने सील तोडलं असतं तर सोपं गेलं असतं.

सोळावं अक्षर लिहिलं, एंटर मारला. दिवा पिवळा, पिवळा, मग हिरवा. फोनमधून ती पोर ओरडली, “आलं आजी.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉम्प्रेसरच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही.

“मी हुकूम देतेय,” स्नेहल म्हणाली. “पॅनेल उत्तर देत नाहीये.”

दाराजवळचा काटा उणे पंधरा दाखवत होता.

बोली जुळली होती, पण आपल्याकडच्या कुणाला बोलू द्यायचं ती यादी आमच्या पेटीत असते. तिच्यात जुन्या पॅनेलचा नंबर होता. नवा नंबर तिच्या कागदांत नव्हता. मला एवढं आठवत होतं की आषाढात मी तो पॅनेलच्या दारावर खडूने लिहिला होता. धावत गेले. दार ओल्या फडक्याने लख्ख पुसलेलं. त्यावर बायजाने हळदीचे पाच पंजे उठवले होते.

ओल्या फडक्याने खडू गेला होता, पण कोपऱ्यातला आकडा हळदीखाली अर्धामुर्धा वाचला होता. मी नखाने हळद खरवडली. दोन आणि चार दिसले, मधला ओळखू येईना. तीन की आठ. दोन्ही लिहून बघू म्हटलं. तीन लिहिला, काही नाही. आठ लिहिला.

जमीन हलल्यासारखी झाली आणि कॉम्प्रेसर गुरगुरला. त्याच्याइतका गोड आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. दाराजवळचा काटा तोवर उणे चौदावर होता. आत खोलवरचा दुसरा काटा उणे सोळावर. खाली यायला वीस मिनिटं लागली.

“बरं झालं आजी,” स्नेहल म्हणाली. “थकलात ना. ठेवते आता.”

“थांबा. शेवटची ओळ राहिली.”

“कुठली?”

“कोरायची. लिहून घेतल्याशिवाय मी फोन सोडणार नाही.”

ती हसली, म्हणाली, अरे हो. आणि मी तो शब्द लिहिला. पाच सेकंद लागली.

गाडीबरोबर कंपनीचा तपासणारा आला. आतल्या आणि दाराजवळच्या काट्यांचे कागद त्याने वेगवेगळे काढले. आतला माल पास केला. दाराजवळची फळी नापास. अकरा खोकी, सगळी बायजाची. एकवीस जणींचा माल गाडीत चढला आणि तिची कोलंबी कुटीच्या टेम्पोत. टेम्पो जाताना ती म्हणाली, “तुझ्या पेटीला कुंकू लावलं आणि माझं पुसलं गेलं.” सगळ्या हसल्या. तीही हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तांबे साहेब परतल्यावर त्यांचाच फोन आला. सेव्ह करायचं आपल्याकडूनच राहिलं, असं त्यांनी कंपनीला स्वतःहून कळवलं होतं. मी म्हटलं, साहेब, ते राहिलंय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. ते मग म्हणाले, “हिराबाई, मी लांब होतो. तिथले डोळे तुमचे होते.” रागावले असते तर बरं झालं असतं.

बायजाला सांगायला मी आठ दिवस लावले. ती वाळवणावर बोंबील फिरवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

“म्हणजे तुला ठाऊक व्हतं.”

“व्हय.”

“वायर काढताना पण?”

“व्हय.”

“भर बाजारात व्यापाऱ्याच्या टोपलीतून पापलेट उचललंस तू. आणि फोनवरच्या माणसाला एक शब्द सांगवला न्हाय.”

व्यापारी समोर दिसतो, त्याच्याशी भांडता येतं. फोनमधल्या शिकलेल्या आवाजापुढे माझी चौथी उभी राहिली नाही, एवढंच खरं आहे.

पुढच्या दसऱ्याला ती ताट घेऊन आली तेव्हा मला वाटलं, कपाटाकडे बघणारही नाही. ती सरळ पेटीपुढे उभी राहिली. “ओळ लिव्हलीस?” मी लॅपटॉप जोडला आणि तिच्यादेखत लिहिली. मग तिने चालत्या पेटीला कुंकू लावलं. आमच्या वाड्यात चालू असताना पुजलेलं ते एकच यंत्र.

आता मी निवृत्त आहे. माझ्या जागी बी.ए. झालेली एक बाई आहे, हुशार आहे. गेल्या दसऱ्याला मी घरीच होते. बायजाच सांगत आली. तिने ओळीचं विचारलं तेव्हा ती बाई हसली आणि म्हणाली, “मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

“काय बोललीस मग?”

“काय न्हाय. ताट मागं घेतलं आणि समोर खुर्चीत बसून ऱ्हायले,” बायजा म्हणाली. “लिव्हली तिनं.”